लाकूड-काचेची मोठी टाकी : खाऱ्या पाण्यातले मासे ठेवायचे असतील तर



मुंबईला मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झाले. आपल्याकडची मंडळी दवाखान्याच्या नाही तर कोर्टकचेरीच्या कामाला मुंबईला गेली, की वेळ काढून ते पाहून यायची. रत्नागिरीला सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचे मत्स्यालय आहे, कोकणच्या सहलीत शाळेची लेकरं तिथेही जातात. परत आले की प्रश्न ठरलेला : साहेब, असलं काही आपल्या शाळेत, रस्त्याकडेच्या हॉटेलात किंवा कृषी पर्यटनाच्या जागेवर करता येईल का? तयार काचेची मोठी टाकी परवडत नाही, मग लाकडाची करून पुढून काच लावली तर?

करता येते. गावच्या सुताराच्या हाताने होते. परंतु तारापोरवाल्याच्या दारातच समुद्र होता, आणि हिंगोलीपासून समुद्र साडेचारशे किलोमीटरच्या पुढे आहे. तेव्हा टाकी बांधणे हा यातला सोपा भाग समजा. अवघड भाग मिठाचा आहे. पाणी वाफ होऊन उडून जाते, मीठ कुठेही जात नाही. ते टाकीत साठते, आणि टाकीतून काढले तर जिथे ओताल तिथे साठते. आपली जमीन काळी, भारी. म्हणून बांधणीइतकीच जागा या पत्रकात त्या दुसऱ्या गोष्टीला दिली आहे.

उंची कमी, लांबी हवी तेवढी

पाण्याचा दाब कसा चालतो हे धरण पाहिलेल्या माणसाला वेगळे शिकवावे लागत नाही. येलदरी किंवा सिद्धेश्वर धरणाचा बांध तळाशी रुंद आणि माथ्याला अरुंद असतो. पाणी मागे किती कोस पसरले आहे यावर बांधाची जाडी ठरत नाही, पाणी किती खोल आहे यावर ठरते. टाकीचेही तसेच. लांबी दुप्पट केली तर पुढच्या बाजूवरचा एकूण भार दुप्पट होतो. खोली दुप्पट केली तर तोच भार चौपट होतो. म्हणून टाकी लांब व रुंद करा, उंच करू नका. दोन फुटांपेक्षा उंच टाकीच्या फंदात पहिल्यांदा पडूच नये.

सोयीचे माप म्हणजे सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच. वीस इंचापर्यंत पाणी भरले तर आत सुमारे ५०० लिटर मावते. त्या पाण्याचा पुढच्या बाजूवरचा रेटा दोन क्विंटलांहून अधिक भरतो, म्हणजे सोयाबीनची चार पोती सतत काचेला रेलून उभी आहेत असे समजा. पाणी, वाळू, लाकूड, काच मिळून टाकीचे वजन साडेसहा क्विंटलांच्या आसपास जाते. जुन्या माळवदाच्या घरात वरच्या मजल्यावर हा भार कदापि चढवू नये. खाली जमिनीवर विटांच्या तीन आडव्या भिंती रचून वर शहाबादी फरशी टाका, पाणसळीने सपाटी तपासा, फरशीवर थर्माकोलचा पातळ पत्रा अंथरा आणि त्यावर टाकी ठेवा. टाकीचा तळ सगळीकडून टेकलेला पाहिजे. एका कोपऱ्याखाली गवताची काडी आली तरी ताण काचेवर येतो.

लाकूड म्हणजे इथे फळ्या नव्हेत. सागाच्या असोत की बाभळीच्या, फळ्या पाण्याने फुगतात आणि उन्हाने आकसतात, सांधा टिकत नाही. १८ किंवा १९ मिलिमीटर जाडीचे मरीन प्लायवूड घ्यावे. आठ बाय चार फुटांचे दोन पत्रे पुरतात, आणि ते कापण्याचा हिशेब सुंदर बसतो. प्रत्येक पत्रा लांबीत मधोमध चिरून दोन पट्ट्या करा. पहिल्या पत्र्याच्या एका पट्टीतून सहा फुटांचा तळ आणि दोन फुटांची एक बाजू निघते, दुसरीतून पाठ आणि दुसरी बाजू. दुसऱ्या पत्र्याच्या एका पट्टीतून पुढची चौकट, दुसरीतून वरची चौकट. चौकट म्हणजे सहा बाय दोनच्या फळीला चारही बाजूंनी तीन-तीन इंच ठेवून मधला भाग कापून काढायचा. चौकट चार पट्ट्या जोडून करू नये, अखंड फळीतूनच कापावी. वरची चौकट शोभेसाठी नाही. ती नसेल तर पाणी भरल्यावर टाकीचे पोट पुढे-मागे सुटते. दोन्ही बाजू पाठ आणि पुढची चौकट यांच्या मध्ये बसतात, तेव्हा त्यांची रुंदी फळीच्या दोन जाड्यांइतकी कमी करायला सुताराला आधीच सांगा.

सांध्याला जलरोधक गोंद आणि दर चार-पाच इंचांवर स्टेनलेस स्टीलचा स्क्रू. लोखंडी खिळे वर्षभरात गंजतात. पितळ आणि जस्ताचा मुलामा दिलेले सामान तर पाण्याला लागूच देऊ नका. तांबे माशांना आणि विशेषतः खेकडे-शिंपल्यांसारख्या जिवांना विष आहे. मोरचूद बुरशी का मारते हे तुम्ही जाणताच, तेच इथेही होते.

आतून सगळ्या लाकडाला इपॉक्सी रेझिन आणि काचकापड लावायचे. कोपऱ्यांना काचकापडाच्या पट्ट्यांचे दोन थर, बाकी सपाट भागाला एक, आणि वर नुसत्या इपॉक्सीचे दोन हात. चौकटीच्या कडाही सोडू नका. लाकूड पाणी पिते ते कापलेल्या कडेतूनच. रेझिन आणि कठीणक डब्यावर लिहिल्या प्रमाणातच मिसळावे, अंदाजाने नाही. एका वेळी थोडेच मिसळा, कारण जास्त मिसळले तर डब्यातच तापून घट्ट होते. काम उघड्यावर करा आणि हातमोजे घाला. शेवटचा हात दिल्यावर दोन आठवडे टाकी तशीच सोडा. वास पूर्ण गेला पाहिजे.

काच आतून बसते

पुष्कळ जण चुकतात ते इथे. काच चौकटीच्या बाहेरून चिकटवली तर पाणी तिला बाहेर ढकलते, आणि सगळा भार सिलिकॉनवर येतो. काच आतून लावली तर पाणीच तिला चौकटीवर दाबून धरते, सिलिकॉनला फक्त झिरपणे अडवायचे काम उरते. मळणीयंत्राच्या नाही तर मोटारीच्या झाकणाखालची रबरी गादी जशी, तसे.

वर दिलेल्या मापाला चौकटीची खिडकी ६६ बाय १८ इंच पडते. काच ७० बाय २२ इंचांची घ्या, म्हणजे चारही बाजूंनी दोन-दोन इंच टेकेल. जाडी १२ मिलिमीटर. कपाटाला वापरतात ती चार-पाच मिलिमीटरची काच इथे चालणार नाही. दुकानदार चालेल म्हणाला तरी नाही. काचेच्या कडा घासून घ्याव्यात. या काचेचे वजन तीस किलोच्या जवळ जाते, उचलायला दोन माणसे आणि जाड हातमोजे पाहिजेत.

टाकी पुढच्या चौकटीवर पालथी निजवा. चौकटीचा आतला भाग बारीक पॉलिश कागदाने खरवडून स्पिरिटने पुसून घ्या. मग बोटाच्या अर्ध्या जाडीची सिलिकॉनची सलग रेघ फिरवा आणि काच वरून अलगद सोडा. फार दाबू नका. सगळे सिलिकॉन बाहेर आले तर मध्ये काय राहील? सिलिकॉन माशांच्या टाकीचे म्हणून मिळते तेच घ्यावे. न्हाणीघरासाठी विकतात त्यात बुरशी मारणारे औषध असते, आणि ते माशांनाही सोडत नाही. सात दिवस हात लावायचा नाही.

त्यानंतर चाचणी. साधे पाणी भरा : पहिल्या दिवशी सहा इंच, दुसऱ्या दिवशी बारा, तिसऱ्या दिवशी वीस, आणि आठवडाभर तसेच ठेवा. ही चाचणी घराबाहेर घ्यावी. पुढच्या चौकटीवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरी ताणून पाहा. चौकट दोरीला रेटू लागली असेल तर वरच्या चौकटीवर आडव्या पट्ट्या ठोकून घ्या. पुढच्या फळीतून कापून काढलेला तुकडा याच कामाला येतो. झिरपले तर पाणी काढा, वाळवा, जुने सिलिकॉन पूर्ण खरडून काढून नवे भरा. जुन्यावर नवे धरत नाही. चाचणीचे पाणी गोडे आहे, खुशाल परसातल्या झाडांना घाला. असे खुशाल म्हणण्याची ही शेवटची वेळ.

पहिले वर्ष गोड्या पाण्याचे

माझा सल्ला असा की या टाकीत पहिले वर्षभर गोडे पाणीच ठेवावे. गोल्डफिश ठेवा, गप्पी ठेवा, मोली ठेवा. डासांच्या अळ्या खाणारा गप्पी तर आरोग्य खात्यामुळे गावोगाव माहीत झाला आहे. वीज गेल्यावर काय होते, सुट्टीत शाळा बंद असताना कोण पाहते, उन्हाळ्यात पाणी किती उडते, हे सगळे वर्षभरात कळते. त्यात काही बिघडले तर नुकसान थोडे. समुद्रातला एक मासा गोड्या पाण्यातल्या माशांपेक्षा कितीतरी महाग पडतो, आणि चूक कमी सोसतो.

मोली हा मासा मुद्दाम सांगितला. तो गोड्या पाण्यात राहतो आणि सवय लावली तर समुद्राइतक्या खाऱ्या पाण्यातही राहतो. पुढे खाऱ्या पाण्याकडे वळताना आठ-दहा दिवसांत थोडे थोडे मीठ वाढवत मोलीला तिथपर्यंत नेता येते. टाकी खऱ्या अर्थाने तयार झाली की नाही, हे तोच आधी सांगतो.

पाण्यात मीठ किती आणि कोणते

बाजरीचे अरगट झालेले बियाणे वेगळे काढायला १० लिटर पाण्यात २ किलो मीठ टाकतात, ते द्रावण तुम्हाला माहीत आहे. समुद्राचे पाणी तेवढे तीव्र नसते. १० लिटरला साधारण ३५० ग्रॅम, म्हणजे लिटरला ३५ ग्रॅम. आपल्या ५०० लिटरच्या टाकीला साडेसतरा किलो.

पण हे किराणा दुकानातले मीठ नव्हे. समुद्रातल्या क्षारांत शंभराला सुमारे ८५ भाग सोडियम आणि क्लोराइडचे असतात. बाकीचे मॅग्नेशियम, सल्फेट, कॅल्शियम, पोटॅशियम आणि आणखी थोडे थोडे बरेच काही. मासा त्या सगळ्यांत वाढलेला असतो. मिठागरात मीठ जमते तेव्हा मॅग्नेशियम मागच्या कडू पाण्यात राहून जाते. म्हणून जाडे मीठ आणले तरी त्याचा समुद्र होत नाही. पिकाला नुसता युरिया टाकून भागत नाही, तशातली गत. मत्स्यालयासाठी बनवलेले कृत्रिम समुद्री मीठ पुण्या-मुंबईच्या दुकानांत मिळते, तेच वापरावे. खारेपणा मोजायला घनता मोजणारी काचनळी घ्या. पाण्याची विशिष्ट घनता १.०२३ ते १.०२५ असावी.

मीठ कालवायला बोअरचे पाणी शक्यतो नको. ते जड असते, आणि शेताजवळच्या बोअरमध्ये खताचा नायट्रेट उतरलेला असू शकतो. पावसाळ्यात पत्र्यावरून धरलेले स्वच्छ पाणी उत्तम, नाही तर गावात आर.ओ.चे शुद्ध पाणी मिळते ते. नळाच्या पाण्यात टी.सी.एल. पावडर असेल तर ते एक-दोन दिवस उघडे ठेवून मगच घ्या. आणि बादली नवी कोरी आणा. फवारणीची बादली, मग वा पंप कितीही धुतलेला असो, टाकीच्या खोलीत आणू नये. कपाशीवर वा तुरीवर फवारून आलेल्या माणसाने त्या दिवशी टाकीत हात घालू नये. कीटकनाशकाचा पुसट अंशही माशांना पुरतो.

तळाला वाळूऐवजी कोंबडीच्या खाद्यात घालतात तो शिंपल्यांचा चुरा चालतो, दहा पाण्यांनी धुऊन. तो चुन्याचा असल्याने पाण्याचा सामू ८.१ ते ८.४ च्या दरम्यान राहायला मदत करतो. पाणी फिरवायला तासाला अडीच-तीन हजार लिटर फेकणारा, समुद्री पाण्याला चालणारा पंप लागतो. कूलरचा पंप नको, त्याचा दांडा गंजतो. खारे पाणी वीज फार चांगली वाहून नेते. टाकीच्या जोडणीला अर्थिंग आणि गळती होताच वीज तोडणारा ई.एल.सी.बी. असल्याशिवाय लेकरांना जवळ जाऊ देऊ नका. वीज गेल्यावर हवा सोडण्यासाठी बॅटरीवर चालणारा छोटा हवापंप हवाच. पाणी जितके गरम आणि खारे, तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. मे महिन्यात रात्रभर वीज गेली तर सकाळपर्यंत सगळे संपलेले असते.

पाणी तयार झाले म्हणून लगेच मासे सोडायचे नाहीत. युरिया जमिनीत टाकल्यावर त्याचा अमोनिया होतो, आणि जमिनीतले जिवाणू अमोनियाचा आधी नायट्राइट, मग नायट्रेट करतात. हेच काम टाकीत व्हावे लागते. माशांची विष्ठा आणि उरलेले खाद्य यांतून अमोनिया सुटतो, तो विषारी आहे, नायट्राइटही विषारी. ते पचवणारे जिवाणू चुऱ्यावर आणि गाळणीत वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर टाकीत चिमूटभर खाद्य टाकत राहा आणि तपासणी संचाने पाणी पाहत राहा. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य झाले की पहिले दोन मासे सोडा. एकदम दहा नाहीत. एवढ्या टाकीत सहा-आठ लहान मासे पुष्कळ झाले.

मासे घेताना टाकीत पैदा केलेले मागा. लेकरं ज्याला नेमो म्हणतात तो क्लाउन मासा बंदिस्त टाकीत वाढवण्याचे तंत्र आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने बसवले आहे. समुद्रातून पकडलेला मासा प्रवासातच अर्धा खचलेला असतो. प्रवाळ आणि समुद्रघोडे कोणी स्वस्तात देऊ केले तरी घेऊ नका. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली त्यांना संरक्षण आहे, बाळगणे गुन्हा ठरतो.

उन्हाळा

या माशांना पाणी २४ ते २८ अंशांचे लागते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२ च्या पुढे असतो. टाकी उत्तरेच्या भिंतीला, उन्हापासून लांब ठेवा आणि पाण्याच्या पृष्ठावर छोटा पंखा सोडा. पाणी उडताना टाकीचे पाणी गार होते, आपल्या माठासारखे. मात्र मग दिवसाला अर्धी बादली ते बादलीभर पाणी कमी होते. हे कमी झालेले पाणी गोड्या पाण्याने भरायचे, खाऱ्या नाही. १०० लिटरमधले १० लिटर उडाले की लिटरला ३५ ग्रॅम असलेले मीठ ३९ होते. त्यात पुन्हा खारे पाणी ओतले तर मीठ चढतच जाते. काचेवर रंगाची एक रेघ मारून ठेवा आणि रोज सकाळी त्या रेघेपर्यंत गोडे पाणी भरा.

काढलेले पाणी कुठे टाकाल?

आता आपल्या शेताची गोष्ट. दर पंधरा दिवसांनी टाकीतले दहावा हिस्सा पाणी काढून नवे घालावे लागते. म्हणजे एका वेळी ५० लिटर, आणि त्यात पावणेदोन किलो क्षार. वर्षाचा हिशेब ४५ किलोच्या घरात जातो. टाकी फुटली किंवा रिकामी करावी लागली तर एका दिवसात साडेसतरा किलो.

ही सगळी रक्कम परसात, केळीच्या आळ्यात किंवा बांधावर ओतत राहिलात तर काय होईल? मिठाच्या पाण्याने गाजरगवत जळते हे तुम्ही पाहिलेले आहे. हळदीला आणि सोयाबीनला ते पाणी गाजरगवतापेक्षा वेगळी वागणूक देणार नाही. ओलिताच्या पाण्याची विद्युत वाहकता २.२५ च्या वर गेली तर ते पाणी साधारणपणे शेतीला नको असे आपण सांगतो. समुद्राच्या पाण्याची ती ५० च्या आसपास असते.

पीक जळाले तर एक हंगाम जातो. जमीन बिघडली तर वर्षे जातात. आपल्या काळ्या मातीत चिकणमातीचे प्रमाण फार. सोडियम या कणांना धरून बसला की त्यांची एकमेकांवरची पकड सुटते, ओली झाली की माती लोण्यासारखी होते, वाळली की दगड. पाणी खाली मुरत नाही, वर तळे साचते, मुळ्या गुदमरतात. हीच चोपण जमीन. अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यातल्या शेतकऱ्याला विचारा, क्षार काय करतात ते. तिथली पूर्णा वेगळी, तापीला मिळणारी. आपली पूर्णा गोदावरीला मिळते, आणि आपल्याकडे ती वेळ आलेली नाही. चोपण जमिनीला जिप्सम टाकून, चर काढून, गोड्या पाण्याने धुऊन सुधारावे लागते. तो खर्च टाकीच्या खर्चाच्या कितीतरी पट.

विहिरीजवळ, नाल्यात, कयाधूत किंवा गावतळ्यातही हे पाणी सोडू नये. जनावरे खारट चाटायला धावतात, त्यांनाही ते पिऊ देऊ नका.

मग करायचे काय? टाकीशेजारी उन्हात चार बाय चार फुटांचा, आठ इंच उंच कडांचा सिमेंटचा उथळ हौद करा, किंवा शेततळ्याच्या उरलेल्या जाड प्लास्टिक कागदाची वाफ्यासारखी खोलगट जागा करून वर जाळी घाला. पन्नास लिटर पाणी त्यात जेमतेम दीड-दोन इंच उभे राहते, आणि आपल्या उन्हात ते लवकर आटते. तळाला पांढरा थर उरतो तो खरवडून झाकणाच्या डब्यात ठेवा. ते खाण्याचे मीठ नव्हे, डब्यावर तसे लिहा. डबा भरला की नगरपालिकेच्या कचरा गाडीत बांधून द्या, शेणखताच्या खड्ड्यात नको. ज्याला अशा हौदासाठी जागा नाही त्याने टाकी गोड्या पाण्याचीच ठेवावी. ती तरी काय वाईट दिसते!

हौदाभोवतीच्या मातीचा नमुना टाकी सुरू करण्याआधी एकदा आणि पुढे दर वर्षी पावसाळ्याआधी तपासून घ्या. तोंडापूरचे कृषी विज्ञान केंद्र किंवा मृद चाचणी प्रयोगशाळेत सामू आणि विद्युत वाहकता या दोनच गोष्टी मागितल्या तरी पुरे. आकडा चढू लागला तर हौद कुठेतरी झिरपतो आहे. मृगाच्या आधी हौदावर पत्र्याचे पक्के झाकण घाला आणि पावसाळाभर पाणी बदलायचे ते प्लास्टिकच्या पिंपात साठवून ठेवा. दोनशे लिटरची दोन पिंपे त्या चार महिन्यांना पुरतात.